चार लारीचं ग्रीस

आठ मेंढ्या देऊन घेतला मी तो ट्रक.
एतेरी म्हणाली, आठ मेंढ्या निदान चालत तरी होत्या.

अलवानीच्या जुन्या सामुदायिक शेताच्या आवारात
अक्रोडाखाली उभा होता, सोविएत गेले तेव्हापासून.
चारही चाकं रिमवर बसलेली,
हवेच्या गाळणीत गांधीलमाश्यांचं घर,
आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक खुडूक कोंबडी,
जी मला अजूनही मालक मानत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं:
सहाशे लारी. वर एक तेत्रीसुद्धा नाही.

इंजिन गच्च धरलेलं.
आठही सिलिंडरांत रॉकेल ओतलं
आणि नऊ दिवस काही केलं नाही.
दहाव्या दिवशी हँडलला पाइप लावून लोंबकळलो
तेव्हा आतून काहीतरी ‘हं’ म्हणालं,
झोपमोड झालेल्या माणसासारखं.

वायरी उंदरांनी खाल्लेल्या.
रुस्तावीच्या बाजारात नवा संच दीडशेला;
मी शाळेच्या मोडक्या बसमधून उपटून आणला,
एका बुधल्याभर वाइनच्या बदल्यात.
रंग जुळत नाहीत. निळी जिथे जायची तिथे आता पिवळी जाते,
आणि हे फक्त मला ठाऊक आहे.
म्हणून एतेरी म्हणते, इतक्यात मरू नकोस.

म्हातारा इमेदा रोज यायचा.
एकोणीस वर्षं हाच ट्रक हाकला त्यानं अबानोच्या खिंडीतून:
मीठ, मेंढ्या, दोनदा नवरी, एकदा शवपेटी.
आता दोन्ही डोळ्यांत दूध उतरलंय.
उलट्या बादलीवर बसून ऐकायचा.
डावीकडचा तिसरा, म्हणायचा, खोकतोय.
मी उघडायचो. तिसराच असायचा.

दाराच्या कडीच्या जागी लाकडी पळीचा दांडा,
त्यानंच ठोकलेला, कुठल्याशा हिवाळ्यात.
नवी कडी वीस लारी म्हणाले.
पळी राहिली. माया वगैरे नव्हे, हिशेब.

तर ग्रीस.
तेलावीत एकाकडे बिनछापाचा डबा, चार लारी.
एवढं स्वस्त का, हे मी विचारलं नाही;
स्वस्ताला प्रश्न विचारू नयेत.
स्प्रिंगच्या पट्ट्यांना, सांध्यांना, बिजागऱ्यांना,
हात सैल सोडून फासलं.

इमेदा आला, नाक वर करून थांबला.
एक बोट लावलं. हुंगलं.
विजारीला पुसलं, मग मातीत पुसलं.
डुकराची चरबी, म्हणाला.

तुम्हाला हसू येईल. पण आम्ही तुशेतीचे,
वर डोंगरात डुक्कर नेत नाही. मांस नाही, कातडं नाही.
पक्षाचे साहेब यायचे तेसुद्धा
आपलं सॉसेज खिंडीच्या खालीच संपवायचे.
हा वर जाणार नाही, इमेदा म्हणाला.
मी म्हटलं, चारही चाकं ओढतात आता.
तो म्हणाला, चाकांचं विचारलं नाही मी.

दोन दिवस धुतलं आम्ही दोघांनी,
पेट्रोल, चिंध्या, एतेरीचा दात घासायचा ब्रश.
मला स्वच्छ दिसायचं तिथे त्याची बोटं थांबायची:
अजून आहे. अजून आहे.
मागच्या सांध्याशी, ब्रश न थांबवता, त्यानं सांगितलं,
त्या दोघींतली एक नवरी तुझी आई.
अख्खा घाट ओकत होती,
आणि प्रत्येक वळणावर माझी माफी मागत होती.
आईनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.
मी बराच वेळ तोच एक बोल्ट घासत राहिलो.

पुन्हा ग्रीस घ्यायला पैसे कुठले.
वहीत तोवर सहाशे अठरा झाले होते,
उजवा दिवा तर घ्यायचाच राहिला.
मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून भरली.
चालते. उन्हात वास मारते.

जूनमध्ये निघालो, दिवसाढवळ्या, एकाच दिव्यानिशी.
पहिल्या गिअरमध्ये, कोपर मागे दुमडून;
गिअरचा दांडा कुठे असावा
हे ठरवणाऱ्याला बहुतेक कोपर नव्हतं.
दोनदा पाणी उकळलं. दोनदा बर्फ भरला.

ओमालोच्या अलीकडे मेंढपाळांची कुत्री धावत आली,
भुंकत नव्हती, चाकं हुंगत होती,
एक तर पळता पळता मागचं चाक चाटायला बघत होतं.
इमेदानं काच खाली केली,
त्यांच्या नखांचा आवाज ऐकला
आणि माझ्याकडे न वळता म्हणाला,
ओळखलं रे त्यांनी.